कटिंगच्या खोलीतली सारा

सारा पाटोळे आमच्या वर्कशॉपमध्ये आली ती झाडलोट करायला. नागापूरच्या एमआयडीसीत वैजनाथशेठचं बोर्ड बनवायचं वर्कशॉप आहे. दुकानांच्या पाट्या, शाळांची नावं, दवाखान्यांतले बाण, सगळं ॲक्रिलिकच्या शीटमधून कापून काढायचं. मी तिथं कॉम्प्युटरवर अक्षरं काढतो.

सारा मूळची तिसगावची. तिची आई ब्लाउज शिवायची. आई गेली, भावाचं, पॉलचं लग्न झालं. दोन खोल्यांच्या घरात आता तुझी अडचण होते असं तिला कुणी तोंडानं म्हटलं नाही. तीच उठली आणि नागापुरात खोली भाड्यानं घेऊन राहिली. तिचं स्वतःचं लग्न जमता जमता राहून गेलं होतं. तेव्हा ती पस्तिशीची असेल.

तिच्या जोडीला रंगुबाई होती, तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. सारा तिला अक्का म्हणायची. दोघी मिळून शीटवरचा कागद सोलायच्या, भुसा भरायच्या आणि दुपारी पत्र्याच्या सावलीत एकाच फडक्यावर भाकरी सोडायच्या. अशी नऊ वर्षं गेली. रविवारी चर्च सुटलं की सारा रंगुबाईच्या घरी जायची. रंगुबाईचा नवरा छगन, टेम्पोच्या अपघातात पाय गेल्यापासून घरीच असायचा. कापून उरलेले ॲक्रिलिकचे तुकडे शेठ रंगुबाईला घरी नेऊ द्यायचे. छगन त्यातून देवाच्या फोटोच्या चौकटी, रांगोळीचे साचे, दारावरच्या नावाच्या पाट्या करायचा. बसल्या जागी त्याचे हात चालायचे, त्यामुळे माणूस हसतमुख होता.

कटिंग गोरक्ष करायचा. माझ्याकडून अक्षरांचे कागद घ्यायचे, शीटवर एकापुढं एक चिकटवायचे आणि जिगसॉची बारीक करवत फिरवायची. हात साफ होता त्याचा, पण शीटचा निम्मा भाग तुकड्यांत जायचा. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नव्हतं.

मग जिल्ह्याचं नाव बदललं आणि आमच्याकडं कामाचा पूर आला. ज्याला त्याला नव्या नावाची पाटी हवी. ‘अहिल्यानगर’ हा एकच शब्द मी त्या महिन्यात किती मापांत काढला ते सांगता येणार नाही. शीटचा माल पुण्याहून यायचा, तो वेळेवर येईना. एका सकाळी आठ शीट उरलेल्या आणि परवा चोवीस पाट्या द्यायच्या. गोरक्ष म्हणाला, “एका शीटमधून दोन नावं निघत्यात. सोळा होतील. पुढचं मी काय करू?”

शेठ डोकं धरून बसले. सारा केर भरत होती. हातातला झाडू तसाच ठेवून ती म्हणाली, “शेठ, तीन निघतील.”

गोरक्ष हसला. शेठ म्हणाले, “साराबाई, कशी?”

तिनं कागदाची अक्षरं मागून घेतली आणि जमिनीवर ठेवलेल्या शीटपुढं गुडघ्यावर बसली. पहिल्यांदा तिनं कात्रीनं सगळ्यांची शिरोरेघ कापून वेगळी केली. “ही सरळ पट्टी हाय. ही कडंच्या उरलेल्या चिंध्यांतून काढायची आन् मागनं चिकटवायची.” मग ‘ग’ आडवा ठेवला, ‘न’ उलटा करून त्याच्या पोटात सरकवला, ‘र’ कोपऱ्यात बसवला. “आय म्हणायची, कापडाला उभा-आडवा धागा बघावा लागतो. ह्याला धागाच न्हाई. कसंबी फिरवा.”

अर्ध्या तासात तिसरं नाव बसलं. चोवीस पाट्या गेल्या. शेठनी गोरक्षकडून साराला करवत चालवायला शिकवलं, आणि पुढच्या सोमवारी तिला कटिंगला घेतलं. गोरक्षला बाहेर बोर्ड लावायच्या कामावर पाठवलं. त्याला ते आवडलंच. त्या खोलीत त्याचा जीव गुदमरायचा.

खोली खरंच तशी होती. आवाज आणि भुसा बाहेर येऊ नये म्हणून दार कायम लावलेलं, एक पंखा, कानांवर जाड झाकणं, डोळ्यांवर चष्मा. सारा तिथं आठ-आठ तास एकटी उभी राहायची. पहिल्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन पत्र्याच्या सावलीत गेली. रंगुबाईनं फडकं अंथरलं होतं. ती म्हणाली, “तू आता कारागीर झालीस बाई. आमच्यात कशाला?” साराला चेष्टा वाटली. पण रंगुबाई सरकून बसली नाही. चार दिवसांनी सारा खोलीतच जेवायला लागली.

कारण तिला कळलं ते दोन-तीन महिन्यांनी, आणि तेही माझ्याकडून. मी सहज म्हणालो, “तुमच्या हाताखालून आता नखाएवढा तुकडासुद्धा सुटत नाही. छगनची तर पंचाईतच झाली.”

तिनं कानांवरची झाकणं काढली. “काय म्हणालात?”

मी पुन्हा सांगितलं. तिचं तोंड उतरलं. त्या आठवड्यात तिनं एक शीट मुद्दाम वाईट कापली. अक्षरं लांब लांब ठेवली. मी ते पाहिलं आणि माझ्या कॉम्प्युटरकडं वळलो. संध्याकाळी रंगुबाईच्या पोत्यात वीतवीतभर रुंदीचे चांगले तुकडे पडले. रंगुबाईनं एक तुकडा उचलून उजेडात धरला, मग पोतं उचलून कटिंगच्या खोलीच्या दारात आणून ठेवलं.

“मुद्दाम टाकलेलं आमी घेत न्हाई.”

“अक्का, घ्या की. दाजींना व्हईल.”

“शेठला कळलं तर चोर कोण ठरंल? तू का मी?”

ते तुकडे तिनं पुढच्या कामात वापरून टाकले. दिवाळीआधी रंगुबाईनं काम सोडलं आणि कांद्याच्या वखारीत निवडायला जायला लागली.

मला वाईट वाटत होतं. एका दुपारी मी माझा डबा घेऊन कटिंगच्या खोलीत गेलो. सारा दचकली. “काय काम हुतं का?”

“काही नाही. म्हटलं, इथंच जेवू.”

तिनं घाईघाईनं टेबलावरचा भुसा पुसला. तेव्हाच तिनं सांगितलं की ती नाताळच्या आधी रंगुबाईच्या घरी जाऊन आली. घरच्या करंज्या नेल्या होत्या. छगननं बसायला सांगितलं. त्याची लहान करवत विकून टाकलेली. तो नुसताच भिंतीला टेकून बसला होता. सारानं माफी मागायला तोंड उघडलं तर तोच म्हणाला, “तुझं काय चुकलं पोरी? माल जपणं काय पाप हाय व्हय?” रंगुबाई आतून आली, चहाचा कप खाली ठेवला आणि तशीच मागं फिरली. सारानं चहा संपवला, कप विसळून मोरीत ठेवला. “अक्का, येती मी,” म्हणाली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

“दाजी रागावलं असतं तर बरं झालं असतं,” सारा मला म्हणाली. “आता शीट पुढ्यात आली की मला दोन्ही दिसतंय, जवळ कसं बसवायचं ते आन् दाजींसाठी तुकडं कसं सोडायचं ते. पन हात चुकीचं ठेवत न्हाई. ठिवायचं म्हटलं तरी सरकवतोच जवळ.”

मी लोणच्याची फोड पुढं केली, तिनं घेतली. भाकरीवर बारीक पांढरी धूळ बसत होती. जेवण झाल्यावर तिनं झाकणं कानांवर चढवली, आणि मी दार लावून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी मी तिथं जेवायला गेलो नाही. तिनंही कधी विचारलं नाही.