खानाकडून खेळणारा

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. मी घेणार. गावानं त्याचं नाव टाकून दिलं आणि 'खान' ठेवलं, तेव्हा कुणाला रीतभात आठवली नाय, मग मी एकटीनंच ती का सांभाळायची? गजा त्याचं नाव. शिळफाट्यावर बैलगाड्या रंगवायचा. हयात होता तोवर मी त्याला 'अवो' म्हणायचे. आता तो नाय, म्हणून जे झालं ते सरळ सांगते. ज्याला राग येईल त्यानं खुशाल यावं भांडायला, मी घरीच असते.

गाडी रंगवणं हे काय साधं काम नाय. घाट उतरून आलेल्या गाड्या आमच्या दारात उभ्या राहायच्या. चाकाच्या आऱ्यांवर वेल, साटीवर मोर, जुवावर फुलं. गजाचा हात लहान कामाला फार चांगला होता. खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली करायचा आणि मोराच्या डोळ्यात पांढरा ठिपका ठेवताना श्वास रोखून धरायचा. मी काही विचारलं तर तो ठिपका होईपर्यंत उत्तर यायचं नाय.

सखा आमचा शेजारी. भाताची थोडी जमीन होती त्याची. जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेला आणि मांडीत गोळी घेऊन लंगडत आला. तिथल्या इस्पितळात दोन गोरे साहेब मेजावर मातीचे डोंगर करायचे, त्यावर शिशाचे सोजीर मांडायचे आणि फासे टाकून कोण जगला, कोण मेला ते ठरवायचे. सखा खाटेवरून सगळं बघायचा. घरी आल्यावर त्यानं ते गजाला सांगितलं. "गजा, हे पोरांच्या दिवाळीतल्या किल्ल्यासारखं नाय रं. किल्ल्यावरचे मावळे नुसते उभे असतात. हे चालतात, लढतात, हरतात पण."

झालं, दोन जाणते बापये खुळावले. गोठ्याचं जुनं दार काढून ओसरीवर चार मडक्यांवर आडवं ठेवलं आणि त्याच्यावर उंबरखिंड करायला घेतली. खिंड आमच्यापासून काय लांब नाय. महाराजांच्या माणसांनी तिथं मोगलाच्या खानाची फौज कोंडली होती, हे इथलं शेंबडं पोर पण सांगेल. दोघं तिथं जाऊन चढ-उतार बघून आले. शेणमातीचे डोंगर केले. निळीत डिंक घोळून ओढा केला. रान कशाचं केलं माहीत हाय? माझ्या मसाल्याच्या दगडफुलाचं. हिरव्या रंगात बुडवून चिकटवलं आणि खरंच झुडपं दिसायला लागली. मी डबा उघडला तर आत तळाला नुसता चुरा. म्हटलं, अवो, आता वाटणात काय डोंगर घालू? तर दोघं हसत बसले.

माणसं मी केली, हे पण सांगते. बोटाच्या पेराएवढी मातीची माणसं आणि घोडे करून चुलीच्या राखेत भाजायची. रंगवायचं काम गजाचं. गेरू, चुना, काजळ आणि गाड्यांच्या डब्यांच्या तळाशी उरलेला रंग. खेळायची रीत दोघांनी बसवली. सुतळीला गाठी मारलेल्या, पायदळ एक गाठ चालणार, घोडा दोन, रानात शिरलं की निम्मं. दोन फौजा भिडल्या की कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितके समोरचे मेले. कवड्या माझ्या, मी माहेराहून आणलेल्या.

पहिल्याच दिवशी सखा म्हणाला, "मी लढाईवर जाऊन आलोय, मी महाराजांकडून." गजा म्हणाला, "बरं, मी खानाकडून." एवढंच. पुढं नऊ वर्षं तसंच चाललं, कारण गावातला दुसरा कुणी खानाकडून बसायला तयार नसायचा. सगळ्यांना जिंकणारी बाजू पायजे.

आणि खानाची फौज गजानं कशी रंगवली होती म्हणता. एकेका पागोट्यावर मोत्याची सर, घोड्याच्या झुलीवर बारीक बुट्टे, खानाच्या अंगरख्याला सोनेरी काठ. मावळ्यांनाही तितकंच जपलं होतं, पण खानाची माणसं बघून मला राग यायचा. म्हटलं, वैऱ्याला कशाला एवढा नटवता? तो म्हणाला, "वैरी गबाळा केला, तर त्याला हरवण्यात कसला मोठेपणा?" मी आत जाऊन भांडी वाजवली.

बहुतेक वेळा गजाच हरायचा. खिंडच तशी हाय. सखाचा डाव ठरलेला, सगळी फौज आत शिरू द्यायची आणि मग दोन्ही तोंडं दाबायची. तरी कधीमधी गजा सुटून जायचा. मग सखा दोन दिवस तोंड फुगवून बसायचा आणि तिसऱ्या दिवशी चहाला हजर. भात झोडून झालं की दोघं ओसरीवर बसायचे. बघायला गाडीवान थांबायचे, बाजाराला आलेले ठाकर थांबायचे. कुणालाही त्यात कधी वावगं दिसलं नाय.

सत्तावीस साल उजाडलं. महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून मारुतीच्या पटांगणात उत्सव ठरला. पुढारी कोण, तर पोपटशेठ, भाताचे व्यापारी. ज्याच्या वजनकाट्यावर गावाचा भरवसा नाय तो आता देशभक्त झाला होता. शेठ आमच्या ओसरीवर आले, दारावरची खिंड बघून खूश झाले. म्हणाले, "गजा, हे पटांगणात मांडा आणि पाहुण्यांसमोर लढाई करून दाखवा."

गजानं तेव्हाच सांगितलं, मी कानानं ऐकलंय. "शेठ, मांडून ठेवा म्हणाल तर नुसतं मांडतो. पण खेळा म्हणाल तर आमी खेळणार. मग कोण जिंकंल ते आधी सांगता येत नाय."

शेठ मोठ्यानं हसले. "अरे वेड्या, कोण जिंकलं ते सगळ्या जगाला ठाऊक हाय." आणि निघून गेले. सखा तिथंच बसला होता. तो म्हणाला, "खेळूच की गजा. मी काय हरणार हाय का?"

उत्सवाच्या दिवशी पटांगण माणसांनी फुललेलं. आमी बाया एका कडेला, पण मी खिंड मांडलेल्या दाराजवळची जागा धरली होती. माझी माणसं होती ती, मी का मागं राहू? सखानं नवा फेटा बांधला होता. खेळ सुरू झाला. गजाची फौज ओढ्यानं खिंडीत शिरायला लागली. निम्मी आत, निम्मी अजून बाहेर. सखानं दगडफुलातून एक मावळा उचलून दाखवला तशी माणसांनी आरोळी ठोकली. सखाला ती चढली. त्यानं दुसरा काढला, तिसरा काढला, आणखी आरोळ्या झाल्या.

गजा हळूच म्हणाला, "सखा, थांब अजून. माझे निम्मे बाहेर हायेत."

असं कुठला वैरी सांगतो? सांगा मला. सखा म्हणाला, "तू तुझं बघ." आणि सगळे मावळे टाळ्यांसाठी एकदम खाली आणले. वर डोंगरावर कुणी उरलं नाय. बाहेरची निम्मी फौज गजानं वळसा घालून मागून आणली. त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं, सुतळीच्या गाठी तिथंच नेत होत्या. कवड्या पडल्या, सखाच्या पालथ्या, गजाच्या उताण्या. परत टाकल्या, परत तसंच. पोपटशेठ डोळ्यांनी गजाला खुणावत होते, मी बघितलं, गजानंही बघितलं. त्यानं मान खाली घातली आणि घोडे मोजून दोन-दोन गाठी पुढं नेले. खानाचे घोडे खिंडीतून बाहेर पडून मोकळ्या रानात आले.

मग पोपटशेठ कडाडले, "आजच्या दिवशी महाराजांची फौज हरवलीस? कवड्यांत काही केलंयस तू." आणि सखाकडं वळून विचारलं, "सखाराम, तू समोर बसला होतास. खरं सांग, कवड्या नीट पडल्या का?"

एका शब्दाचं काम होतं. 'नीट पडल्या, मी चुकलो,' एवढं म्हटलं असतं तर सखाच्या फेट्याला काय आग लागणार नव्हती. लढाईवर गोळी खाल्लेला माणूस तो. सगळं पटांगण त्याच्याकडं बघत होतं. त्यानं खाली मातीकडं बघितलं आणि म्हणाला, "मला काय ठाऊक. कवड्या त्याच्या घरच्या."

बस्स. पहिली लाथ कुणी मारली ते मी सांगू शकत नाय. दार मडक्यांवरून खाली आलं. खानाची माणसं तुडवायला आले ते, पण गर्दीत कोण कुणाचं बघतो? मावळेही त्याच पायांखाली गेले. महाराजांच्या माणसांचा चुरा महाराजांचा जयजयकार करत केला, आणि अपमान म्हणे गजानं केला. गजा मधे पडला नाय. बाजूला उभा राहून सखाकडं बघत होता, आणि सखा फेटा सारखा करत होता.

दुसऱ्या दिवसापासून खान. पोरं दारावरून 'खान आला' म्हणत पळायची. बरं, खान ही काय शिवी हाय? फाट्यावरचे दोन गाडीवान खानच होते आणि आमच्याकडं गाड्या आणणारे शेवटी तेच उरले. बाकीच्यांनी चाकं रंगवायला चौक गावचा रस्ता धरला. घर गेलं नाय, चूल विझली नाय, पण माणसाचा शब्द गेला. गाव म्हणायचं, तो कवड्या फिरवणारा.

मी गजाला किती बोलले. म्हटलं, अवो, चावडीवर जाऊन ओरडा, मी फसवलं नाय म्हणून. तो म्हणाला, "माझ्या ओरडण्याला कोण विचारतो? खेळणारे दोघंच. हरलेल्यानं सांगावं, मी हरलो. दुसऱ्या कुणाच्या सांगण्याचा उपयोग नाय."

मी म्हटलं, मग त्या दिवशी मुद्दाम हरायचं होतं की. एक दिवस खोटं हरला असता तर काय बिघडलं असतं?

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काय मी काहीतरी घाणच बोलले. "मी एकदा खोटं हरलो असतो," तो म्हणाला, "तर सखा नऊ वर्षं जिंकला ते तरी खरं कसं धरायचं?" त्या माणसानं याला बुडवलं आणि हा बसलाय त्याची जीत सांभाळत. मला गजाचाही संताप आला, खोटं कशाला सांगू.

पुढच्या सुगीनंतर सखा आला. भरदुपारी, रस्त्यावर कुणी नसताना. पंच्याच्या गाठोड्यात मातीचे घोडे होते, वेडेवाकडे, स्वतः केलेले. आत येऊन म्हणाला, "गजा, दार लोटून घे. आपण आतल्या खोलीत खेळू. मी खानाकडून बसतो."

गजाचा चेहरा उजळलेला मी बघितला. त्यानं एक घोडा हातात घेतला, फिरवून बघितला, त्याच्या पायाची फट अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाला, "ओसरीवर बस सखा. चारचौघांत खानाकडून बस. मी तुला काय बोलायला लावत नाय. नुसता बस."

सखानं ओसरीकडं बघितलं. रस्त्यावर एक गाडी वाजली तसा दचकला. मग गाठोडं बांधलं आणि गेला. तो घोडा मात्र गजाच्या हातातच राहिला होता. संध्याकाळी गजानं मला तो सखाच्या घरी नेऊन द्यायला सांगितला. मी त्याच्या ओट्यावर ठेवून आले, हाक मारली नाय.

त्यानंतर गजानं माणूस म्हणून रंगवला नाय. चाकं रंगवली, मोर रंगवले. चौतीस साली भादव्यात ताप आला आणि उतरलाच नाय.

अंगणात माणसं जमली. पोपटशेठ आले, 'हाताचा कसबी गेला' म्हणाले. जित्यापणी हे कुठं ठेवलं होतं? आणि सखा आला. आला तो गजाच्या पायांशी पडून असा रडायला लागला की लोकांना त्याला धरावं लागलं. "माझा गडी गेला," म्हणत ऊर बडवायला लागला. बाया पदर डोळ्यांना लावून म्हणायला लागल्या, बघा, मैत्र असावं तर असं.

माझे डोळे तेव्हाच सुकले. मी उठले. नवरा अंगणात पडलेला असताना बाईनं असं उठू नये, पण मी उठले आणि सखासमोर जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, रडताय ते चारचौघांत रडताय, चांगलं हाय. आता चारचौघांतच सांगा. कवड्या कशा पडल्या होत्या?"

कुणीतरी मला म्हणालं, मोतीबाय, ही वेळ हाय का? मी हललेच नाय. सखाचं रडं थांबलं. त्यानं शेठकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, माझ्याकडं बघायला मात्र धजेना.

"नीट पडल्या होत्या, वैनी," तो म्हणाला. "मीच घाईनं खाली उतरलो. त्यानं मला थांब पण म्हटलं होतं."

सगळ्यांनी ऐकलं. पोपटशेठनी ऐकलं, 'खान आला' म्हणणाऱ्या पोरांच्या बापांनी ऐकलं. सखानं माझे पाय धरायला हात पुढं केले.

मी मागं सरले. म्हटलं, "माझे काय धरताय भाऊजी? आतापर्यंत त्या ओसरीवर तो तुमची वाट बघत बसला होता."