लवू मेथराची इबनाग

आमच्या गावात लवू मेथराला थापाड्या म्हणणारी माणसं बरीच होती, आणि त्यांत सगळ्यांत शिकलेला मी होतो. मी इथल्या शाळेचा मास्तर. गाव वेंगुर्ल्यापासून किनाऱ्याने दोन तास चालत, वस्ती मच्छीमारांची, आणि घरटी एखादा माणूस बोटीवर. बोटीवरून परतणारा प्रत्येक जण काही ना काही आणायचाच. कोणी कंदील आणला, कोणी चिनी बशा. एकाने पोपट आणला, तो इथला दमट उन्हाळा सोसून एक शिवी शिकला आणि मेला. लवूने आणली भाषा. तीही अशी, की जिचं नाव ऐकलेला माणूस वेंगुर्ल्याच्या भर बाजारातही सापडला नसता.

भाषेचं नाव इबनाग. लवू मालवाहू बोटीवर खलाशी होता. एक्केचाळीसच्या डिसेंबरात त्याची बोट फिलिपिन्सच्या उत्तर टोकाला, आपारी नावाच्या बंदरात उभी असताना जपानी फौज उतरली. बोट गेली, साहेब गेले, लवू राहिला. नदीच्या काठाने वर वर पळत तो तंबाखू पिकवणाऱ्या एका खेड्यात पोचला. तिथे इसिद्रा नावाच्या म्हातारीने त्याला तंबाखू वाळवायच्या छपरात साडेतीन वर्षं लपवलं. इबनाग म्हणजे त्या नदीकाठचे लोक, आणि त्यांच्या बोलीचंही तेच नाव. म्हातारीचं दुखणं असं, की तिची नातवंडं शाळेत इंग्रजी बोलत, बाजारात शेजारच्या मुलखातली इलोकानो बोलत, आणि आजीशी आजीच्या बोलीत बोलायची त्यांना लाज वाटे. वर्गात ती बोली तोंडातून निघाली तर शिक्षा होई. मग म्हातारीने आपल्या साऱ्या गोष्टी-गजाली लवूला सांगितल्या. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं आणि लवूला पळून जायला जागा नव्हती.

सेहेचाळीस साली तो घरी आला, तेव्हा भावकीने त्याचे दिवससुद्धा करून टाकले होते. बायको नर्मदेने मात्र ऐकलं नव्हतं. "मेल्याचो कागद दाखवा, मगे कुंकू पुसतंय," म्हणून तिने सगळ्यांना वाटेला लावलं होतं. अशा बाईच्या दारात उभं राहून लवू पहिला शब्द काय बोलला, तर "दानुम". त्याला पाणी हवं होतं. नर्मदेने पाणी दिलं आणि संशय घेतला. परका मुलूख, इतकी वर्षं, आणि तोंडात परकी भाषा. बाई असल्याशिवाय पुरुष कुठलीही भाषा शिकत नाही, असं तिचं स्पष्ट मत होतं. खरं काय ते बाहेर पडलंच तर आपल्याला कळलं पाहिजे, म्हणून तिने ती भाषा शिकायचं ठरवलं.

लवू जाळं विणायला बसला की ही समोर बसे आणि एकेक वस्तू उचलून विचारी, "ह्येका काय म्हणतत?" दोन वर्षांत ती त्याच्या बरोबरीने बोलू लागली. बाई काही सापडली नाही. इसिद्रा तेवढी सापडली, आणि तिची सत्तरी उलटलेली होती. नर्मदेची थोडी निराशाच झाली असावी.

पण शिकलेलं वाया गेलं नाही. घरात सासू, दीर, जावा, पोरं. नवरा-बायकोला दोन शब्द आपले म्हणून बोलायची सोय नव्हती, ती आता झाली. प्रेमाचं काय बोलत ते देव जाणे, भांडत मात्र भरपूर. नर्मदेची जीभ मूळचीच तिखट, त्यात तिला परदेशी मसाला मिळाला. नुकसान झालं ते वाडीचं. मेथरांच्या घरचं भांडण आजवर सगळ्यांना फुकट मिळत असे. आता ते ऐकू येई, पण कळेना. बायका पाण्याला जाताना एकमेकींकडे बघून हळहळत.

सत्तावन्नच्या फ्लूच्या साथीत नर्मदा चार दिवसांत गेली.

त्यानंतर वर्षभराने लवू शाळा सुटायच्या वेळी माझ्याकडे आला. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस, पण दारात एखाद्या नापास पोरासारखा उभा राहिला.

"मास्तरानू, माका शब्द गावनत नाय," तो म्हणाला. "इबनाग इसारतंय मी. बोलूक दोन माणसां लागतत, आनी मी एकटोच आसंय."

"विसर की मग," मी म्हटलं. "त्यापेक्षा चार वाक्यं शुद्ध मराठी शिक. कचेरीत उपयोगी पडतील."

"तसां न्हय. धा वर्सां नर्मदा माझ्याकडे त्याच भाशेत बोलली. ती भास गेली काय तिचां बोलणां पण गेलां. मगे माझ्याकडे तिचां काय उरलां?"

हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. समजलं नाही. त्या काळात मी शुद्ध भाषेचा पहारेकरी होतो. वर्गात "माका" म्हणणाऱ्या पोराला छडी देत असे, आणि घरी जाऊन बायकोला "माका च्याय दी गो" म्हणत असे. माझ्याकडून लवूला काय मिळणार?

एकसष्टच्या फेब्रुवारीत खानेसुमारी आली आणि घरोघर फिरायचं काम मास्तरांच्या गळ्यात पडलं. माणसागणिक एक चिठ्ठी. तिच्यावर मातृभाषा लिहायची आणि त्याखेरीज येत असतील त्या भाषा. महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. मी इतक्या उत्साहात होतो की साऱ्या गावाची मातृभाषा न विचारताच मराठी लिहीत सुटलो होतो.

लवू अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून अंगणात बसला होता. पोरीला बघायला आलेत असं वाटावं इतकी तयारी.

"मातृभाषा?"

"मालवणी."

मी मराठी लिहिलं.

"आनी दुसरी इबनाग. लिवा."

"लवू, सरकारला असली भाषा माहीत नाही."

"सरकाराक म्हायत नाय म्हणानच लिवा."

मी मान डोलावली आणि हिंदी लिहून मोकळा झालो. त्याला वाचता येत नव्हतं. पण माझा हात किती लवकर थांबला, ते त्याला दिसलं.

"इतक्यात जालां?" त्याने विचारलं आणि उठून आत गेला. मला वाईट वाटलं म्हणायला आवडलं असतं. मला पुढचं घर गाठायची घाई होती.

त्या साली नारळी पौर्णिमेला सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. दर्याला नारळ द्यायच्या आधी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस गावाच्या वतीने देवाला मोठ्याने मागणं सांगतो, आणि दर वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून होकार भरायचा. त्या वर्षी तो मान पाळीने लवूकडे आला होता. नारळ हातात घेऊन तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला, डोळे मिटले आणि बोलू लागला. इबनागमध्ये.

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडलं. सवय ती सवय. तिसऱ्या वाक्याला माणसं एकमेकांकडे बघू लागली, पण गाऱ्हाणं मध्येच तोडायची कोणाची छाती नव्हती. सात वाक्यं झाली, सात वेळा होकार गेला, नारळ दर्यात पडला. मग लोक भानावर आले.

"कित्याक व्हय म्हटलाव आमी?" होड्यांचा पुढारी गणपत ओरडला. "ह्येना काय मागल्यान?"

एकाचं म्हणणं, सगळी सुरमई स्वतःच्या जाळ्यात मागितली. दुसऱ्याला वाटलं, गावाच्या होड्या बुडवायला सांगितल्या. काही का मागेना, साऱ्या गावाने सात वेळा संमती दिली होती, तेव्हा देव आता ते करणारच, यावर मात्र एकमत होतं. गणपतने जाहीर केलं की अर्थ कळल्याशिवाय एकही होडी पाण्यात जाणार नाही. मग सगळे माझ्याकडे वळले, कारण मी शिकलेला.

"लवू, अर्थ सांग," मी म्हटलं.

"देवाक कळलां," म्हणून तो पाण्यातच उभा राहिला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "मी सांगतंय."

लवूच्या शेजारची हौसाबाई पुढे आली. विधवा, चाळिशीची, एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी.

"तो म्हणता, देवा, मी इसारतंय. घरात ह्या भाशेत माका व्हय म्हणणारां कोण उरलां नाय. मास्तरांनी लिवक नाय, तू तरी आयक. ही माणसां आज व्हय म्हणतीत, तितक्यां माका पुरे."

मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. मला वाळूत शिरता आलं असतं तर शिरलो असतो.

"तुका कसां कळलां गो?" शेवटी गणपतने विचारलं.

हौसाबाई उखडली. "धा वर्सां त्येंचां भांडाण आयकलंय! कुंपणाच्या भायर भांडी घासूक बसा होतंय. पयलां काय कळना नाय, म्हणान रोज बसलंय. मगे कळाक लागलां, म्हणान रोज बसलंय."

"आनी चार वर्सां गप रवलंस?" लवूने विचारलं.

"लोकांचां भांडाण चोरून आयकलंय, ह्यां काय सांगत फिरूचां असता?"

लवू पाण्यातून बाहेर आला. तिच्यापासून चार हात लांब उभा राहून त्याने अगदी हळू, इबनागमध्ये काहीतरी विचारलं. हौसाबाईने पदर सारखा केला, आमच्याकडे एकदा रागाने बघितलं आणि उत्तर दिलं. ते उत्तर नव्हतंच. कुंपणापलीकडे मोठ्याने बोललेलंच काय ते पोचायचं, हळू बोललेलं घरात राहिलं. हौसाबाईला त्या भाषेतलं जेवढं बोलता येत होतं, ते सगळं नर्मदेचं रागावणं होतं. आणि ते तिला नर्मदेच्या पट्टीत, नर्मदेच्या हेलात येत होतं.

लवू ओल्या वाळूत मटकन बसला.

"काय म्हणालंस तू?" गणपतने घाबरून विचारलं.

"जेवाण थंड जाता, त्या जाळ्यात डोक्यां घालून बसलंस तो उठ आदी."

लवू रडत होता आणि हसतही होता. "आनी सांग गो," तो म्हणाला, "आनी सांग." हे तो मालवणीत म्हणाला. इबनाग शब्द त्याला आठवला नसावा.

मग हौसाबाईने, अख्ख्या गावासमोर, लाजेने लाल होत, नर्मदेची होती नव्हती तेवढी बोलणी त्याला एकामागून एक सुनावली. आम्ही कोणी घरी गेलो नाही. आणि प्रत्येक बोलण्याला लवू मान खाली घालून म्हणत होता, "व्हय गो. व्हय."