सांगण्यासारखं काही नाही

गेली तीसेक वर्षं लोक मला एकच गोष्ट विचारत आलेत — "तुम्ही त्याचे कॉलेजातले मित्र ना? सांगा की काहीतरी त्याच्याबद्दल." आणि मी सांगतो. लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, दवाखान्याच्या बाकावर सांगितलंय, एका वाचनालयात तर दीड तास व्याख्यान दिलंय. एक भाग तेवढा वगळतो. इतक्या सफाईनं वगळतो की ऐकणाऱ्याला तिथे काही होतं अशी शंकाही येत नाही. तो भाग आज पहिल्यांदा लिहितोय.

त्याचं पडद्यावरचं नाव मी लिहिणार नाही. हिंदी सिनेमात तो किती मोठा झाला हे तुम्हाला माहीत असेल. आमच्यासाठी तो बापू. साक्रीचा. त्याचे वडील एसटीत कंडक्टर, धुळे–साक्री गाडीवर. सगळा तालुका त्यांना नाना म्हणायचा. बापू चौथीत असताना आई गेली, तेव्हापासून नानांनीच भाकरी थापून पोराला वाढवलं. पण लोकांना नाना आठवतात ते आवाजासाठी. कुसुंबा आलं, नेर आलं, की ते असा लांबलचक हेल काढून पुकारा करायचे की झोपलेला माणूस हसत उठायचा. चढणाऱ्या प्रत्येकाशी काहीतरी बोलायचे. म्हातारीला वेगळा सूर, तालुक्याच्या पुढाऱ्याला वेगळा.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात आम्ही दोघं एकांकिका करायचो. म्हणजे — मी करायचो. नायक मी असायचो. बापूला चार वाक्यांचा म्हातारा, दोन वाक्यांचा हवालदार. मला ते योग्यच वाटायचं. तुम्हालाही तेव्हा विचारलं असतं तर तुम्ही माझंच नाव घेतलं असतं — असं मी अजूनही म्हणतो, बघा.

मग जळगावची स्पर्धा झाली. अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी स्टेजवर चषक माझ्या हातात दिला, खाली उतरले, आणि बापूला बाजूला घेऊन वीस मिनिटं बोलत उभे राहिले. शेवटी वहीचा कागद फाडून पत्ता लिहून दिला. मी चषक मांडीवर घेऊन गाडीत बसलो होतो आणि सगळी गाडी बापूची वाट बघत थांबली होती. दोघातिघांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

बापू मुंबईला गेला. मी धुळ्यातच एका साप्ताहिकात चिकटलो. बातम्या लिहायच्या, प्रुफं तपासायची, टपालाचे गठ्ठे बांधायचे. तीन वर्षं त्याचं काही ऐकू आलं नाही आणि मी — लपवण्यात आता काय अर्थ आहे — मी समाधानात होतो. मग एका चित्रपटात तो नायकाचा भाऊ झाला. पुढच्या वर्षी नायक. धुळ्याच्या स्टँडबाहेर त्याचं भलंमोठं पोस्टर लागलं. नानांची गाडी तिथून निघताना ड्रायव्हर मुद्दाम एक क्षण थांबायचा, आणि नाना भरल्या गाडीला पोस्टर दाखवून पुकारा करायचे, "हाऊ मना आंडोर शे! आंडोर शे मना!" पोरगा माझा आहे हा. टाळ्या पडायच्या. मी त्या गाडीत दोनदा बसलो होतो. मीही टाळ्या वाजवल्या.

आमच्या संपादकांना सगळे भाऊ म्हणायचे. त्यांनी ठरवलं, दिवाळी अंकात बापूची मुलाखत हवी. "तुझा मित्र ना तो? मग जा की." मी गेलो.

पहिला दिवस मी स्टुडिओच्या फाटकाबाहेर काढला. वॉचमनकडे चिठ्ठी दिली, ती खिशात घालून तो विसरला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बापू स्वतः पळत बाहेर आला. अंगावर इन्स्पेक्टरचा गणवेश, चेहऱ्याला रंग. मला त्यानं कडकडून मिठी मारली, रंग माझ्या शर्टाला लागला. आम्ही एका पालथ्या खोक्यावर बसलो. दहा मिनिटं मिळाली असतील. त्या दहा मिनिटांत तो कशाबद्दल बोलला असेल? नानांबद्दल. फक्त नानांबद्दल. त्यांचे गुडघे कसे आहेत, अजून डबल ड्युटी करतात का. मग हसत म्हणाला, "शऱ्या, तुला एक सांगू? पहिली मोठी ऑडिशन मी नानांच्या आवाजात दिली. सगळे हिरोसारखं बोलत होते. मी डोळे मिटले, आपण गाडीत आहोत असं समजलो, आणि नाना जसं बोलतात तसा बोललो. तिथल्या तिथे घेतलं मला. लोक माझी डायलॉगची स्टाईल म्हणतात ना, ती बठ्ठी, सगळीच्या सगळी, नानांची शे."

मी ते वहीत लिहून घेतलं. आत हाक आली. "उद्या ये, निवांत बसू," म्हणून तो गेला.

तिसऱ्या दिवशी गेलो तर युनिट शूटिंगला दक्षिणेत निघून गेलं होतं. "साब तो निकल गए," वॉचमन म्हणाला. माझ्यासाठी निरोप होता का? नव्हता. म्हणजे होता, बापूनं कुणाकडे तरी ठेवला होता, तो माझ्यापर्यंत आला नाही. हे मला बऱ्याच काळानं कळलं. तेव्हाच कळलं असतं तर मी वेगळा वागलो असतो का? या प्रश्नाला मी बरीच वर्षं 'हो' असं उत्तर दिलं. ते खोटं आहे. मी तसाच वागलो असतो.

कारण परत येऊन टेबलाशी बसलो तेव्हा वहीत सोन्यासारखा मजकूर होता. कंडक्टर बापाच्या आवाजावर नट झालेला मुलगा — कुठल्याही अंकाची शान वाढली असती. आणि नेमकं तेच मला लिहायचं नव्हतं. तो गुणी दिसायला नको होता. मोठा झालाय तर झालाय, पण निदान वाईट तरी दिसू दे — असं काहीतरी माझ्या मनात होतं, आणि ते स्पष्ट होतं, उगाच धूसर वगैरे नव्हतं. मी दोन पानांची मुलाखत रचली. प्रश्न माझे, उत्तरंही माझी. त्यात एक प्रश्न घातला — वडिलांविषयी काय सांगाल? आणि खाली उत्तर लिहिलं: "वडिलांविषयी सांगण्यासारखं काही नाही. मी जो झालो तो माझा मी झालो."

वाक्य लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचून पाहिलं. छान वाटलं. हेही सांगायला हवं.

भाऊंनी वाचलं, म्हणाले, "हवा गेली वाटतं डोक्यात." आणि नेमकं तेच वाक्य चौकटीत टाकलं.

अंक निघाल्यावर चौथ्या दिवशी नाना कचेरीत आले. खाकी कपड्यात, खांद्याला चामड्याची पिशवी. पुढची गाडी सुटायला थोडा वेळ असावा. भाऊ पलीकडच्या टेबलावर होते. नानांना बसा म्हटलं तर बसले नाहीत. खिशातून अंक काढला, तेच पान वर घडी केलेलं, आणि माझ्यासमोर ठेवला. चौकटीवर बोट टेकवलं.

"शरद, तू त्याले भेटना ना? मंग सांग. तो आसंच बोलना का?"

तुम्ही म्हणाल, भाऊ बसले होते, नोकरी गेली असती. गेली असती, कदाचित. पण त्या क्षणी माझ्या मनात नोकरी नव्हती. मी पकडला जाईन एवढंच होतं. समोर एक म्हातारा माणूस एका शब्दासाठी उभा होता. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, "हो नाना. असंच बोलला."

त्यांनी अंक उचलला, पुन्हा घडी घातली. खिशात ठेवता ठेवता म्हणाले, "बरोबर शे त्यानं. मी काय कयं त्यानाकरता?" — मी तरी काय केलं त्याच्यासाठी. मग गाडीची वेळ झाली म्हणून गेले. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या तर... पण नाही, हे मी पुढे नेणार नाही. त्यांनी काय करायला हवं होतं हे सांगणारा मी कोण?

ड्रायव्हरनं नंतर मला सांगितलं, आता पोस्टरपाशी गाडी थांबवू नको म्हणाले. बापूची पत्रं यायची, नाना वाचायचे, पण उत्तर पाठवायचे नाहीत. गल्लीत सगळ्यांना बजावून ठेवलं होतं — बापू आला तर कुणी त्याला त्या अंकाचं विचारायचं नाही, पोराला खाली बघायला लावायचं नाही. आणि कुणी विचारलं नाही. एकदा बापू साक्रीला आला त्या दिवशी नानांनी लांबची ड्युटी मागून घेतली. मुंबईला राहायला चला म्हणून त्यानं दोनदा गाडी पाठवली. दोन्ही वेळा ती रिकामी गेली.

दरम्यान त्याच मुलाखतीच्या जोरावर मला जळगावच्या एका दैनिकात जागा मिळाली. 'स्टारचा मित्र' म्हणून. बापू एका चित्रपटाच्या समारंभाला जळगावला आला, तेव्हा त्यानं मला विश्रामगृहावर बोलावून घेतलं. दार लावून घेतलं. बाहेर गर्दी त्याच्या नावानं ओरडत होती, आणि तो मला विचारत होता, "नाना मनासंगे बोलतस नही रे. काय व्हयनं? मी काही चुकलो का?"

आमच्या साप्ताहिकाचा अंक त्याच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. मी तिथे सगळं सांगू शकलो असतो. दोघांची गाठ घालायला एक दुपार पुरली असती. मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं. आणि तुझं हे सिनेमाचं त्यांना कधी पटलंच नाही, बापू. तोंडावर बोलले नाहीत इतकंच."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी नानांना ओळखणारा, त्याचा मित्र.

पुढे ते वाक्य मी कितीतरी ठिकाणी छापलेलं वाचलं. मोठ्या मासिकांत, त्याच्या खऱ्या मुलाखतींत: "माझ्या वडिलांना माझं काम कधीच पटलं नाही." नव्वदच्या पुढे त्याला तो चित्रपट मिळाला ज्यानं तो खरोखरचा मोठा झाला — बापानं टाकलेल्या मुलाची भूमिका. बापाच्या बंद दारासमोर तो उभा राहतो तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. लोकांनी लिहिलं, हे रडणं अभिनयाचं नाही. जळगावच्या थिएटरात माझ्या शेजारचा माणूस हुंदके देत होता. मी पडद्याकडे बघत होतो. ते रडणं अभिनयाचं नाही हे त्या थिएटरात एकट्या मला ठाऊक होतं.

नानांनीही तो चित्रपट पाहिला. मॅटिनीला, धुळ्यात, एकट्यानं. ड्रायव्हरनंच सांगितलं, बाकी कुणाला पत्ता नव्हता. त्या सबंध चित्रपटात बापू नानांच्या आवाजात बोलतो. तो हेल, ते थांबणं. त्यांना काही ओळखीचं वाटलं असेल? ती वही तेव्हाही माझ्या कपाटात होती. साक्री काही फार लांब नव्हतं.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी नाना गेले. हृदयविकाराचा झटका, घरीच. बापू पोचला तेव्हा ते संपले होते. जलदान विधीच्या दिवशी सगळी साक्री लोटली होती. लोक पत्र्यांवर, झाडांवर चढून त्याला बघत होते. पोलीस लावावे लागले. मी जळगावहून आलो होतो, दैनिकासाठी बातमीही करणार होतो. विधी झाल्यावर बापूनं मला मागच्या खोलीत नेलं. तिथे आम्ही दोघंच.

म्हणाला, "तू इथंच होतास इतकी वर्षं. खरं सांग. त्यांनी कधी माझ्याबद्दल काही विचारलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

त्यानं मान हलवली. तोंड पुसलं, केस नीट केले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाहेर घेऊन आला. गर्दीनं एकच गलका केला. वृत्तपत्राच्या छायाचित्रकारानं आमचा दोघांचा फोटो काढला. तो आमच्या दैनिकात पहिल्या पानावर आला, आणि मी त्याला चौकट करून घेतली. आज तो माझ्या बैठकीच्या खोलीत, दारातून आत येताच दिसेल असा लावलेला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवतो.