पोच न मागितलेलं बिल

माझी आत्या नगरपालिकेत एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होती. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची, आणणाऱ्याला पोच द्यायची. कामात खोट नाही आणि तोंडाला लगाम नाही. ऑफिसात तिचं नावच ‘तारीख’ पडलं होतं. साहेबांचा माणूस कागद घेऊन उशिरा आला, तरी ती त्याच्या नाकावर टिच्चून आजचाच शिक्का मारी.

त्या वर्षी पालिकेने पोहण्याचा तलाव बांधला, चौकाचौकांत कारंजी बसवली, आणि पाण्याच्या नव्या पाइपांसाठी पैसेच उरले नाहीत. मग कर्ज काढायचं ठरलं. शहराची पत तपासायला एक कंपनी येणार होती. पतमानांकन एक पायरी वर गेलं की व्याज कमी. पण थकलेली बिलं देणं म्हणून मोजली जाणार. मुख्य लेखापालांनी डोकं चालवलं.

“बाई, तपासणी होईपर्यंत बिलं घ्या, पण शिक्का मारू नका. नोंद नाही तर देणं नाही.”

“आणि नंतर?”

“नंतर मारू की! पाणी तुमच्याही गल्लीत हवंय ना?”

तिच्या गल्लीत पाणी दिवसाआड यायचं. तिला ते पटलं, हे ती आजही कबूल करते.

मोठे ठेकेदार कुठले ऐकायला! ते टेबलासमोर ठाण मांडत, आवाज चढवत आणि पोच घेऊनच उठत. शिक्क्यावाचून राहिले ते भिडस्त माणसांचे कागद. त्यांत माझे बाबा होते. बाबा सुतार. पालिकेच्या शाळांचे एकशे चाळीस बाक त्यांनी उधारीच्या लाकडाने दुरुस्त केले होते. बिल आत्याच्या हातात दिलं, तिच्या गुडघ्याची चौकशी केली आणि घरी आले. सख्ख्या बहिणीकडे पोच कोण मागतं?

पतमानांकन वाढलं. ऑफिसात केक कापला. लेखापाल बढती घेऊन दुसरीकडे गेले, आणि नवे साहेब म्हणाले, “नोंद नाही म्हणजे बिल आलंच नाही.” लाकडाच्या वखारीचा मालक आमच्या दारात येऊन बसू लागला. बाबांनी रंधा मारायचं मशीन विकलं. आत्याला मात्र ते एका शब्दाने बोलले नाहीत. मला तिचा भयंकर राग आला होता.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना आत्याने साहेबांना लिहून दिलं: त्रेसष्ट बिलं मी शिक्का न मारता कपाटात ठेवली, यादी सोबत. कळताच बाबा धावत तिच्या टेबलापाशी गेले.

“ताई, वेड लागलंय का? पेन्शन अडकेल!”

“अडकू दे.”

अडकलीच. देणी लपवल्याचं उघड झालं, पतमानांकन दोन पायऱ्या घसरलं, पुढचं कर्ज महागलं, आणि पाइपांचं काम अर्ध्यावर थांबलं. गल्लीतल्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्रेसष्ट जणांना पैसे मात्र मिळाले.

आमचे आले त्या दिवशी बाबा मला घेऊन तिच्याकडे गेले. निम्मे पैसे तिच्यापुढे ठेवून म्हणाले, “पेन्शन सुरू होईपर्यंत राहू दे. आणि झालं ते सोड आता. साहेबांनीच सांगितलं होतं, तू तरी काय करणार?”

तिने पैसे परत सरकवले. “साहेबांनी सगळ्यांचंच सांगितलं होतं. जे भांडले त्यांना मी शिक्का मारून दिला. तू भांडणार नाहीस हे मला ठाऊक होतं, म्हणून तुझं ठेवलं.”