दापोऱ्याचा वाघदेव

बिबट्याची एक मादी वाचावी म्हणून मी देव उभा केला, आणि त्या देवापायीच ती मेली.

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली त्या वर्षांतली गोष्ट. बऱ्हाणपूरच्या आमच्या शाळेत रोज नवं हिंदी फर्मान येई आणि मी ते न वाचताच इतरांना समजावून सांगे. सुटीच्या दिवशी हेच शहाणपण सायकलवर घालून दापोऱ्याला नेई. तिथे माझ्या मित्राचा केळीचा मळा होता. शिकाऱ्यांनी तापीकाठचे बिबटे कधीच संपवले होते. आता रानडुकरं केळीचे कंद उकरून खात. अशात एक दिवस मळ्याकडेच्या नाल्यावर त्याला ही मादी दिसली. कितीतरी वर्षांनी.

तो बंदूकवाल्याला बोलवायला निघाला. कायदाही तेव्हा बंदूकवाल्याच्याच बाजूचा. मग मी नाल्यावरचा एक उभा दगड धुतला, त्याला शेंदूर फासला आणि नारळ फोडला.

"इथे जुना वाघदेव आहे. माझ्या आजोबांनी पाहिलाय."

"तुमचे आजोबा तर रावेरचे ना, मास्तरजी?"

"मग काय झालं? दृष्टांत झाला होता."

बंदूक राहिली. मादीनं डुकरं मारली, केळी उभी राहिली, आणि मी शाळेत छाती काढून फिरू लागलो.

पण देव आला की नवस आलाच. पार जसोंडीहून लोक बकरे आणू लागले. बकरा कापायचा, मुंडकं-आतडी दगडापाशी ठेवायची आणि मागे न बघता घरी जायचं. आयतं मिळतंय म्हटल्यावर डुकरामागे कोण धावेल? संध्याकाळी ती दगडाशी मांजरीसारखी बसून राही. माणूस दिसला तरी उठत नसे.

"बघ, कशी माणसाळली!" मी कौतुकानं म्हणालो.

श्रावण लागला आणि गावानं मटण सोडलं. मीही सोडलं होतं, पण देवाच्या जेवणाचं काय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती रोज दगडापाशी येऊन उपाशी परत जात राहिली. शेवटी तिनं मित्राच्या गोठ्यातली कालवड मारली. त्यानं मला निरोपही धाडला नाही. अर्धवट खाल्लेल्या कालवडीत विष घातलं आणि ती त्याच दगडापाशी आणून टाकली. मादी सवयीनं आली, खाल्लं, तिथेच आडवी झाली. मी पोचलो तेव्हा तिच्या मिशांना शेंदूर लागलेला होता.

पुढे बिबट्याला जपणारा कायदा आला. तिला त्याचा काय उपयोग? ती मेली त्याच वर्षी दिवाळीच्या आत डुकरं परतली. उलथलेल्या केळीत मित्र उभा होता. मी धीर द्यायला गेलो, "एखादी दुसरी येईल रे. या वेळी आपण नीट विचार करून..."

"मास्तरजी, तुम्ही आपली शाळेतली पोरं सांभाळा. ती तुमचं काही ऐकत नाहीत, म्हणून वाचतात."