गॅलरीतल्या रेघा

फोन आला तेव्हा मी गॅलरीतच कपडे वाळत घालत होते. आमच्याकडे फोन नाही, तळमजल्यावरच्या गोगटेकाकूंकडे निरोप येतात आणि त्या खालूनच हाक मारतात. त्या दिवशी हाक आली नाही. काकू स्वतः दोन जिने चढून आल्या, तेव्हाच मी हातातलं ओलं धोतर बादलीत परत टाकलं. "अगं, वसंताच्या कंपनीतून फोन होता," एवढंच म्हणाल्या आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. माझे दीर वसंतभाऊजी भांडुपच्या कंपनीत ड्रॉइंग सेक्शनला होते. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या जिन्यावर खाली बसले, ते उठलेच नाहीत. पंचेचाळिशीही पुरती झाली नव्हती. सकाळी डबा घेताना "वहिनी, येतो हं" म्हणाले होते आणि मी कणकेतून मान वर न करता "हं" म्हटलं होतं...

याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच शब्द वापरतो, देवमाणूस. आईचं सगळं केलं, भावाचं घर सांभाळलं, लग्न केलं नाही, कुणाला उलटून बोलला नाही. मी चहा देते आणि मान हलवते. पण मला त्या शब्दाचा राग येतो. देवमाणूस म्हटलं की त्या माणसाला काय हवं होतं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. भाऊजींना काय हवं होतं ते मला चांगलं माहीत होतं, आणि ते त्यांना का मिळालं नाही तेही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

लग्न होऊन मी मुलुंडच्या या दोन खोल्यांत आले तेव्हा सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून वर्ष झालं होतं. बाहेरच्या खोलीत त्यांची कॉट, आतल्या खोलीत स्वयंपाक आणि आम्ही दोघं. माझे यजमान औषध कंपनीच्या फिरतीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. राहिली गॅलरी, ती भाऊजींची. जेमतेम दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहतील एवढी रुंद. त्यांचा पलंगही तिथेच आणि ग्लायडरचं, म्हणजे हाताने केलेल्या छोट्या विमानाचं, कामही तिथेच. विकत आणलेल्या सांगाड्यावर कागद चिकटवून विमानं करणारे पुष्कळ असतात. भाऊजी काचेच्या कापडाची आणि रेझिन नावाच्या चिकट रसायनाची बॉडी साच्यातून काढायचे, ती सुद्धा घरात. पहिल्या महिन्यात त्यांनी रेझिन कालवायला माझी नवी स्टीलची वाटी घेतली. रेझिन आत घट्ट झालं आणि वाटी गेली ती गेलीच. मी तोंड सोडलं तेव्हा म्हणाले, "सॉरी वहिनी. पण वाटी एकदम झकास होती, गोल अगदी परफेक्ट."

त्या रेझिनचा वास डोक्यात जायचा. गॅलरीच्या दाराखाली ओला टॉवेल लावला तरी सासूबाई पडल्या पडल्या विचारायच्या, "काय जाळतोस रे वशा?" तोंड वाकडं झाल्यामुळे त्यांचं बोलणं फक्त भाऊजींना आणि मला समजायचं. "काही नाही गं आई, विमान करतोय," भाऊजी गॅलरीतून सांगायचे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न.

हळूहळू मला ते काम कळायला लागलं. घरात बघण्यासारखं दुसरं होतं काय? आधी लाकडाची बॉडी तासायची, खळगे बुजवायला तिला लांबी भरायची, पाणी लावून पॉलिश पेपरने आठवडेच्या आठवडे घासायची. मग तिच्यावरून दोन अर्ध्या भागांचा साचा करायचा. साच्याला आतून मेण लावायचं आणि मग काचेच्या कापडाचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून आत बसवायचे आणि साचा मिटायचा. दुसऱ्या दिवशी साचा उघडला की आतून अंड्याच्या टरफलासारखी हलकी बॉडी सुटून यायची. "सगळी गंमत मेणात आहे वहिनी," ते सांगायचे. "मेण नसेल तर साचा आणि बॉडी एकमेकांना असे धरतात की सुटतच नाहीत. मग दोन्ही फुकट." कोऱ्या साच्याला मेणाचे सात हात. प्रत्येक हात वाळू द्यायचा, फडक्याने चकाकवायचा, मग पुढचा. मध्येच आईंना वळवायला उठावं लागे आणि मोजणी चुके, म्हणून एक हात झाला की भाऊजी गॅलरीच्या भिंतीवर पेन्सिलने एक रेघ मारायचे. काम संपलं की खोडरबराने सगळ्या रेघा पुसायचे. माझ्या दाण्याच्या कुटाच्या बरण्यासुद्धा इतक्या शिस्तीत नव्हत्या.

आईंना दिवसातून चारदा कूस बदलून द्यावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. सकाळ-संध्याकाळ भाऊजी असत, दुपारी गोगटेकाकू हात द्यायच्या. एकदा काकू गावाला गेल्या होत्या आणि मी एकटीने प्रयत्न केला. आई घसरून खाली आल्या, मी त्यांच्याखाली. त्यांना वर घेण्याची ताकद माझ्यात नव्हती आणि त्यांना सोडून मला उठता येत नव्हतं. भाऊजी कामावरून येईपर्यंत आम्ही दोघी फरशीवर तशाच होतो. आई रडत होत्या, मी भिंतीकडे बघत होते. तेव्हापासून माझ्या मनात भीती बसली.

एकदाच मी त्यांचं ग्लायडर उडताना पाहिलं. नणंद दिवसभरासाठी आली होती, ती म्हणाली, जा गं जरा बाहेर. रविवारी सकाळी आम्ही रुळांच्या पूर्वेला मिठागरांच्या बांधावर गेलो. लांब रबरी दोरीने ते पांढरं ग्लायडर वर गेलं, दोरी सुटली आणि ते तिथेच राहिलं. आवाज नाही, काही नाही. घरात चार शब्द न बोलणारा माणूस हातातल्या, ग्लायडर वळवायच्या रेडिओच्या डब्याकडे न बघता बोलत सुटला होता. "याला इंजिन नाही वहिनी. हवा कुठे वर चढतेय ते शोधायचं आणि याला तिथे नेऊन ठेवायचं, बस." मला त्या बांधावरून घरी परतावंसंच वाटत नव्हतं. दहा वाजले आणि भाऊजींनी घड्याळ बघितलं. नणंद घरी होती, तरीही म्हणाले, "आईला वळवायची वेळ झाली." आणि हवेत मजेत असलेलं ग्लायडर त्यांनी खाली उतरवलं.

आमच्या सोसायटीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षीची गोष्ट. घाटावरच्या एका निवासी शाळेला मुलांना विमानं करायला शिकवणारा माणूस हवा होता. राहायला खोली, मोठी वर्कशॉप, आणि मागे टेकडी. शाळेचे गृहस्थ मिठागरावर येऊन भाऊजींचं ग्लायडर बघून गेले होते. म्हणाले, तुमच्या स्वतःच्या साच्यातून काढलेली एक नवी बॉडी घेऊन महिनाअखेर या, बाकीच्यांना दाखवू, मग नक्की करू. भाऊजी चार महिने एका नव्या साच्यावर काम करतच होते. तो तयार होता. त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते खरकटी भांडी गोळा करत होते. "दादा म्हणतोय, जा तू, आम्ही बघू. तुम्हाला जमेल ना वहिनी?" मी म्हटलं, "जमेल की." "आम्ही बघू" म्हणणारे हे दुसऱ्याच दिवशी नागपूरला गेले.

तो आठवडा मी कसा काढला ते मला माहीत. सकाळ-संध्याकाळ आईंना वळवताना भाऊजी "एक, दोन, तीन" म्हणायचे आणि मला वाटायचं, पुढल्या महिन्यात हे मोजायलाही कुणी नसेल. बाई ठेवावी, नणंदेला सांगावं, ह्यांच्याशी भांडावं, हे सगळे मार्ग होते. आज दिसतात. तेव्हा मला फक्त ती फरशी दिसत होती.

रविवारी सकाळी भिंतीवर सात रेघा होत्या. साच्याचे दोन्ही भाग पलंगावर उघडे ठेवून भाऊजी आंघोळीला गेले. मी स्टोव्हजवळचं फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि दोन्ही भाग आतून पुसले. मेण रॉकेलने निघतं हे त्यांनीच मला शिकवलं होतं, हाताला लागलेलं काढायला. मग कोरड्या फडक्याने पुसून चकाकी आणली. घाईत झालं, नकळत झालं, असं मी सांगणार नाही. मी रेघा मोजल्या होत्या. मला सगळं कळत होतं.

भाऊजी आले, डोकं पुसत. नेहमीप्रमाणे त्यांनी साचा उचलून नाकाशी धरला, मेण वाळलं का ते ते वासावरून ओळखायचे. जरा वेळ तसेच उभे राहिले. मी आत तांदूळ निवडत होते, माझी बोटं थांबली. मग त्यांनी रेझिनच्या डब्याचं झाकण काढलं.

सोमवारी संध्याकाळी साचा उघडला नाही. भाऊजींनी बांबूच्या पाचरी सारून पाहिल्या, गरम पाणी ओतलं, लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकलं. शेवटी साच्याला तडा गेला आणि आतल्या बॉडीलाही. हे त्याच दिवशी नागपूरहून आले होते, बूट काढत म्हणाले, "काय रे वशा, वाट लागली ना सगळ्याची? मेण लावलं होतंस का नीट?" भाऊजी खाली बघत म्हणाले, "एक हात कमी पडला वाटतं, दादा."

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे सहा रेघा होत्या. सातवीच्या जागी अंगठ्याने पुसल्याचा करडा डाग होता.

त्यानंतर मला बोलायला जागाच राहिली नाही. ते माझ्यावर ओरडले असते तर मी रडले असते, पाय धरले असते, दुसरा साचा करायला हात लावला असता. त्यांनी चूक स्वतःच्या नावावर घेतली आणि विषय बंद केला. शाळेने दुसरा माणूस घेतला. दोन वर्षांनी आई गेल्या. मी एकदा धीर करून म्हटलं, "भाऊजी, आता परत साचा करा ना." ते म्हणाले, "बघू." केला नाही. रविवारी जुनं ग्लायडर घेऊन मिठागरावर जायचे, दहाच्या ठोक्याला परत यायचे. आता घरात वळवायला कुणी नव्हतं, तरी दहालाच.

एक प्रश्न मला अजून सोडत नाही. त्या सकाळी साचा नाकाशी धरला तेव्हा त्यांना रॉकेलचा वास आला नसेल? त्यांचं नाक असं होतं की दूध लागलेलं ते जिन्यात ओळखायचे. वास येऊनही त्यांनी रेझिन कालवलं असेल तर मी त्यांना अडकवलं की ते स्वतः राहिले? राहिले असतील तर माझा अपराध कमी होतो का? मला तसं वाटत नाही. त्यानंतरची सात वर्षं एका घरात, एका ताटलीतली चटणी वाटून घेत, मी हे एकदाही विचारू शकले नाही. आणि आता...

गेल्या रविवारी हे म्हणाले, गॅलरी रंगवून घेऊ, पलंग काढून टाकू. घराला मध्ये दोनदा रंग झाला, तेव्हा भाऊजींनी तो कोपरा रंगवू दिला नव्हता. "तिथे माझं सामान असतं," म्हणायचे. एरवी काम संपलं की रेघा पुसणारा माणूस. मी पलंग पुढे ओढला. सहाच्या सहा रेघा जागेवर होत्या, शेजारी तो डाग.

हे सगळं मासिकात छापून आलं की ह्यांना कळेल. कळू दे. भाऊजींच्या हत्यारांच्या डब्यातली पेन्सिल घेऊन मी त्या डागावर सातवी रेघ मारली, नीट, बाकीच्यांएवढीच उंच. मग ह्यांना हाक मारून सांगितलं की रंगाऱ्याला हा कोपरा सोडायला सांगा.