लाभार्थी चाकरमानी

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत आई 'गावच्या काकी' आणि गावी 'मुंबयकरीण'. दोन्हीकडे परकीच. याचा मला लहानपणापासून राग येतो. आईला कधी आला नव्हता. सरकारने तिचा शेतकरी सन्मानाचा हप्ता बंद केला, तेव्हा पहिल्यांदा आला.

आई लावणीच्या आधी कोकणात जाते आणि भात कापून, झोडून, कणगीत भरून दिवाळीनंतर चाळीत परत येते. बाबा होते तेव्हाही हेच. ते गिरणीत, ती शेतात. बाबांच्या मागे सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं आणि पुढे खात्यात दोन हजारांचे हप्ते येऊ लागले. लालबागच्या बँकेतून पासबुक भरून आणलं की ती अख्ख्या मजल्याला ऐकवायची, "सरकार माका शेतकरी म्हणता." पैशाचं कौतुक तिला होतंच, पण त्या 'म्हणता'चं जास्त होतं.

मग एकदा पासबुकात हप्त्याची ओळच नव्हती. पुढच्या वेळीही नव्हती.

मे महिन्यात मी तिला घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेले, तेव्हा उलगडा झाला. पडताळणीवाला ऐन माघात वाडीत आला होता. माघात आमच्या मळ्यात काय असतं, तर गुरं आणि क्रिकेट! घराला कुलूप बघून त्याने शेजारी विचारलं. मुंबईत राहणाऱ्या कुणालाही गावात म्हणतात तसं कोणीतरी सवयीने सांगितलं, "ती चाकरमानी." झालं. शेरा पडला : लाभार्थी चाकरमानी, नोकरीनिमित्त मुंबईत. ज्या बाईने आयुष्यात पगाराचं पाकीट हातात घेतलं नाही, तिला या शहाण्यांनी एका शब्दावर नोकरी देऊन टाकली!

साहेब तरुण होता, बोलायला गोड. म्हणाला, "आजी, लाभ स्वेच्छेने सोडला असं लिहून द्या. पुढची कटकट नको." माझा भाऊही फोनवर तेच म्हणत होता, "आई, सोड ना. जाण्यायेण्यातच तेवढे उडतात." मी त्याच्यावर डाफरले आणि फोन ठेवला.

आईने आवाज चढवला नाही. "चाकरी माझ्या घोवान केल्यान," ती साहेबाला म्हणाली. "मी कधी केलंय? मी सोडूचंय नाय. तू लावणीक ये नि बघ."

तो येईल असं मला अजिबात वाटलं नव्हतं. पण आषाढात खरंच आला. मीही रजा टाकून आईच्या हाताखाली होते. तो छत्री घेऊन बांधावर उभा राहिला, पायात चकचकीत बूट. मोबाइल काढून म्हणाला, "आजी, जरा वर या. फोटो काढायचाय."

आई वाकलेली होती, तशीच राहिली. "झिला, शेती हयसर आसा. तूच उतर खाली."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. शेवटी त्याने बूट काढले, पँट दुमडली आणि चिखलात उतरला. फोटो काढला. मोबाइलवर पुढचा रकाना भरायला त्याने सवयीनेच विचारलं, "व्यवसाय?"

आईचा हात थांबला नाही. "बघतस मां? मगे लिव."